जयपूरच्या यात्रेतील आणखी एक मुक्काम

राजस्थानची यात्रा ठरली की महाराष्ट्रातील जैन कुटुंबांची जयपूरच्या आसपासची यादी बहुधा ठरलेली असते. श्रीमहावीरजी, पदमपुऱ्याचे पद्मप्रभू, सांगानेरचे संघीजी मंदिर, आग्रा रस्त्यावरील चूलगिरी. हाताशी एखादा दिवस उरला तर आमेरचा किल्ला, हवामहाल आणि जोहरी बाजारातील खरेदी. शहराच्या दक्षिण भागातील मालवीयनगरात भगवान महावीरांचे नाव धारण करणारी एक संस्था आहे. तिचा या यादीत क्वचितच समावेश होतो. तेथे शिखर नाही, मूर्ती नाही, आरतीची वेळ नाही. तेथे माणसे कुबड्यांवर, तीनचाकी सायकलीवर किंवा नातलगाच्या खांद्यावर येतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडतात. 'जयपूर फूट' या नावाने जगभर पोहोचलेल्या कृत्रिम पायाचे हे केंद्र, म्हणजेच भगवान महावीर विकलांग सहायता समिती, यात्रेकरूने एकदा तरी पाहावे असे आहे.

मात्र हा पाय समजून घ्यायचा तर आधी जुन्या शहरातून फेरफटका मारावा. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेल्या या नगरीची आखणी करतानाच कारागिरांचा विचार झाला होता. सरळ रस्ते, नऊ चौकड्या आणि त्यांत व्यवसायांनुसार वसलेल्या गल्ल्या. त्यांची नावे आजही तीच आहेत. ठठेरों का रास्ता म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, मनिहारों का रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्यांची, खजानेवालों का रास्ता म्हणजे संगमरवरी मूर्ती घडवणाऱ्यांची. सकाळी दहा-अकराच्या सुमारास या भागातून चालत गेले तर हातोडीचे ठोके आणि छिन्नीचा आवाज कानांवर पडतो. २०१९ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. त्या वारशात गुलाबी भिंतींइतकाच वाटा या हातांचाही आहे. जयपूर फूटचा जन्म याच परंपरेत झाला.

तटबंदीबाहेर आले की सवाई मानसिंह रुग्णालय लागते. राजस्थानातील हे मोठे सरकारी रुग्णालय. साठच्या दशकात येथे डॉ. प्रमोदकरण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक काम करीत होते आणि रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर येत असत. डॉ. सेठी एडिंबरोचे एफ.आर.सी.एस., तर शर्मांचे शालेय शिक्षण अगदी जेमतेम. लोक त्यांना आदराने 'मास्टरजी' म्हणत. त्या काळी पाय गमावलेल्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय मिळे. तो कडक असे, त्यावर बूट घालावा लागे आणि तो घालून खुर्चीवर बसणेच सोयीचे ठरे. शेतकरी तो पाय घेऊन गावी जाई आणि काही महिन्यांनी पुन्हा कुबड्यांवर दिसे. चिखलात बूट टिकत नसे, उकिडवे बसता येत नसे, पंगतीत मांडी घालता येत नसे आणि देवळात शिरताना बूट काढला की चालणेच अवघड होई.

रुग्ण तो पाय का वापरीत नाही, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयात सापडण्यासारखे नव्हते. ते त्याच्या शेतात, घरात आणि कामाच्या जागी होते. हे या दोघांनी ओळखले आणि १९६८ साली, डॉ. एस. सी. कासलीवाल व डॉ. महेश उदावत यांच्या सहकार्याने, नव्या पायाची घडण सिद्ध केली. टायरवर नवे रबर चढवण्याची कृती पाहून शर्मांना रबराच्या पायाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. या पायाच्या टाचेच्या आणि चवड्याच्या जागी स्पंजासारख्या रबराचे ठोकळे असतात, घोट्याजवळ लाकडाचा ठोकळा असतो, त्यांवर टायरमध्ये वापरतात तसल्या दोऱ्यांचे वेष्टन आणि सर्वांत वर कातडीच्या रंगाचे रबर. हे सारे साच्यात घालून उष्णतेने एकजीव केले जाते. पाऊल सर्व दिशांना थोडे थोडे वळते. म्हणून खाचखळग्यांच्या वाटेवर ते जमीन धरते, पाण्याने बिघडत नाही आणि बुटाशिवाय वापरता येते. पावलावरचा नळीचा भाग सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असे. तो पत्रा ठोकून पायाचा आकार देण्याचे काम जयपूरच्या धातुकारागिरांच्या हातचे होते.

या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, बांधावरून चालणे, पाण्यात उभे राहणे या साऱ्या हालचाली आपल्याकडे केवळ सवयीच्या नाहीत, त्या पोटापाण्याच्या आहेत. भाताची लावणी करणारा, भाजीची टोपली मांडून बसणारा, विटा वाहणारा, न्हाव्याचे किंवा चांभाराचे काम करणारा, या सर्वांची कमाई त्या हालचालींवर अवलंबून असते. पाय गेला की त्यांचे चालणे थांबते, पण त्याआधी त्यांची मजुरी थांबते. पूर्वी मिळत असलेला पाय चालण्याची सोय करीत होता. जयपूरचा पाय कामाला जाण्याची सोय करतो. डॉ. सेठी यांना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागील खरे श्रेय या दृष्टीचे आहे. या पायाचे पेटंटही घेतले गेले नाही, त्यामुळे तो कोणालाही बनवता आला.

तरीही पहिली काही वर्षे हा पाय फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचला. चांगली वस्तू तयार होणे आणि ती गरजूच्या हाती पडणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम देवेंद्रराज मेहता यांनी केले. राजस्थानातील या सनदी अधिकाऱ्याला १९६९ साली जैसलमेरच्या भागात भीषण अपघात झाला आणि पाय गमावण्याची वेळ आली. दीर्घ उपचारांनंतर पाय वाचला. मात्र त्या काळात रुग्णालयात जे गरीब रुग्ण दिसले, त्यांच्यापाशी पैसाही नव्हता आणि ओळखही नव्हती. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष चालू असताना, मार्च १९७५ मध्ये, मेहतांनी ही समिती स्थापन केली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले आणि १९९५ ते २००२ या काळात सेबीचे अध्यक्ष होते. प्राकृत व जैन वाङ्मयाचे प्रकाशन करणारी जयपूरची प्राकृत भारती अकादमी हीदेखील त्यांनीच उभी केली. २००८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शेअर बाजाराच्या नियमनासाठी ज्यांचे नाव अर्थविश्वाला परिचित आहे, त्यांचे चिरस्थायी काम मालवीयनगरात आहे.

समितीचे नियम साधे आहेत आणि त्या साधेपणातच त्यांचे मोठेपण आहे. आधी वेळ घ्यावी लागत नाही. रात्री-अपरात्री आलेल्यालाही दार उघडते, निजायला जागा आणि जेवण मिळते. सोबत आलेल्या नातलगाचीही सोय होते. जात, धर्म, प्रांत विचारला जात नाही. पाय विनामूल्य मिळतो. खर्च देणग्यांतून आणि शासकीय साहाय्यातून चालतो. दूरच्या खेड्यातील मजुराच्या दृष्टीने यांतील प्रत्येक नियमाला रोख किंमत आहे. 'पुढच्या आठवड्यात या' असे म्हटले की त्याचा प्रवासखर्च दुप्पट होतो, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडते आणि बहुधा तो पुन्हा येतच नाही. म्हणून गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला शक्यतो त्याच दिवशी पाय बसवून देण्याची रीत येथे पडली.

पाय बनताना पाहणे हा विलक्षण अनुभव असतो. प्रथम पायाच्या उरलेल्या भागाचे माप घेऊन त्यावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. त्या वाळल्या की अलगद काढून घेतात. त्या पोकळ साच्यात प्लॅस्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते. कारागीर ती तासून नीट करतो. कोठे हाड टोचेल, कोठे भार पेलेल, हे त्याच्या बोटांना कळते. मग भट्टीत मऊ केलेली दाट प्लॅस्टिकची नळी त्या प्रतिकृतीवर चढवतात. शेतात पाणी नेण्यासाठी वापरतात त्याच जातीची ही नळी. ॲल्युमिनियमची जागा आता तिने घेतली आहे. नळी थंड झाली की खाली रबरी पाऊल जोडायचे, वर पट्टे लावायचे आणि रुग्णाला दोन समांतर दांड्यांच्या मधोमध उभे करायचे. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर कृत्रिम सांधाही लागतो. त्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झालेल्या स्वस्त गुडघ्याची 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत गणना केली होती.

दांड्यांमधले पहिले पाऊल भीतीचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हात दांडीवरून सुटतो. येथील कारागिरांत स्वतः कृत्रिम पाय वापरणारेही आहेत. ज्याने हा प्रवास केला आहे, त्याने 'आता हात सोडा' म्हटले की त्या शब्दाला वेगळे वजन येते. शिवाय हा कारागीर स्वतः पगारी नोकर आहे, हे रुग्णाच्या लक्षात येते. पाय नसलेला माणूस काम करून घर चालवतो याचा पुरावा त्याच्यासमोर अवजार घेऊन बसलेला असतो.

येथपर्यंतची कथा सुखद आहे. खरा प्रश्न केंद्राच्या दारातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. पुरुषांत ते ४७ टक्के, तर स्त्रियांत अवघे २३ टक्के. याचा अर्थ, साधने मिळाली तरी कामापर्यंतची वाट अजून अनेकांना बंद आहे. गावी परतलेल्या माणसाला पूर्वीचा मालक पुन्हा कामावर घेईलच असे नाही. अपघाताच्या उपचारांत घरातील चीजवस्तू गहाण पडलेली असते. पाय काही वर्षांनी झिजतो, पट्टे तुटतात, शरीर बारीक-जाड झाले की तो टोचू लागतो. दुरुस्तीला कोणी नेले नाही तर तो कोपऱ्यात पडून राहतो आणि कुबड्या पुन्हा बाहेर येतात.

समितीने तीनचाकी सायकली, कॅलिपर आणि कुबड्यांबरोबरच काही गरजूंना स्वयंरोजगारासाठीही साहाय्य केले आहे, ते याच जाणिवेतून. या दिशेने समाजाने जे करावयाचे ते मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे. आपल्याकडे कृत्रिम अवयवांची शिबिरे होतात, निधी जमतो, मांडव पडतो, वाटपाची छायाचित्रे स्मरणिकेत छापली जातात. त्या छायाचित्रातील माणूस सहा महिन्यांनी काय करीत होता, हे पुढच्या स्मरणिकेत कधी छापलेले आढळत नाही. बँकेत कर्ज दिले म्हणजे काम संपत नाही. पैसा धंद्यात लागला का, हप्ते येतात का, हे पाहावे लागते. दानाच्याही खात्याचा असा पाठपुरावा व्हायला हवा. पाय किती वाटले, हा खर्चाचा आकडा झाला. किती जण कमावते झाले, ही खरी जमा.

ही जमा वाढवण्याचे मार्ग अवघड नाहीत. अपंग व्यक्तींना स्वयंरोजगारासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळावे म्हणून केंद्र शासनाने १९९७ साली स्वतंत्र वित्त व विकास महामंडळ स्थापन केले. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या नियमांत अपंग व्यक्तींची गणना दुर्बल घटकांत होते. मुद्रा योजनेतील ५० हजार रुपयांपर्यंतच्या शिशु कर्जाला तारण लागत नाही. शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्तीचे सामान किंवा किराणा मालाचे टपरीवजा दुकान यांपैकी पुष्कळ गोष्टी एवढ्या रकमेत सुरू होतात. अडते ते कागदपत्रांपाशी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, दरपत्रक, बँकेतील पहिली भेट यांसाठी बरोबर येणारा जाणता माणूस हवा असतो. प्रत्येक गावच्या मंदिर समितीत असा एखादा निवृत्त कर्मचारी, शिक्षक किंवा हिशेबनीस सापडतोच. शंभर रुपयांच्या देणगीपेक्षा त्याची एक सकाळ अधिक मोलाची ठरू शकते.

दुसरा मार्ग नोकरीचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. त्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. शासकीय सेवेत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खाजगी दुकाने आणि कारखाने यांना मात्र अशी सक्ती नाही. तेथे मालकाची दृष्टीच कायद्याचे काम करते. आणि आपल्या समाजात मालकांची संख्या थोडी नाही. गल्ल्यावर एक उंच आसन, पायरीच्या जागी उतरती फळी, माल काढण्यासाठी हाताच्या उंचीवर मांडलेले कप्पे आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह, एवढ्या बदलांवर एखाद्याची नोकरी उभी राहते. जोहरी बाजाराच्या मागील गल्ल्यांत खड्यांना पैलू पाडण्याचे काम चालते. ते बसून करायचे काम आहे. त्याला नजर, बोटे आणि धीर लागतो. तेथे उभे राहिले की वाटते, हिशेब, शिवण, पॅकिंग, छपाईची तपासणी अशी आपल्याकडचीही कितीतरी कामे पायांवर अवलंबून नाहीत.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. अशा माणसाला कामावर ठेवले म्हणजे उपकार केले, असे मानून मजुरी कमी देण्याची प्रवृत्ती दिसते. काम सारखे असेल तर दामही सारखा हवा. कमी दामात कामाचा सन्मान राहत नाही आणि दानाचे पुण्यही लाभत नाही. घरातल्या माणसांची नजरही दामानेच बदलते. पाय गेल्यानंतर ज्याच्याशी सांभाळून, हळू आवाजात बोलले जाई, त्याला महिन्याच्या शेवटी पुन्हा 'किती आणलेत?' असे विचारले जाऊ लागते. त्या साध्या प्रश्नात त्याचे घरातील स्थान परत मिळालेले असते.

मुंबईच्या सुधा चंद्रन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८१ साली तमिळनाडूतील अपघातानंतर त्यांना पाय गमवावा लागला. जयपूरला येऊन त्यांनी कृत्रिम पाय बसवून घेतला, अतोनात सराव केला आणि त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. 'नाचे मयूरी' हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर आहे आणि त्यात त्यांनी स्वतः काम केले. या कथेतील नृत्याचे कौतुक नेहमी होते. त्यांनी आपला व्यवसाय परत मिळवला आणि पुढे अनेक वर्षे कलावंत म्हणून काम केले, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. प्रसिद्धी न लाभलेले असंख्य शेतकरी, हमाल आणि रिक्षाचालक हेच आपापल्या परीने करीत असतात.

मालवीयनगरातून पुढे सांगानेर फार दूर नाही. हे गाव हातछपाईच्या कापडासाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. गावातील संघीजी मंदिराचे कोरीव शिखर आणि प्राचीन शिल्पकाम पाहण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. येथे मूळनायक भगवान आदिनाथ आहेत. कल्पवृक्ष आटले आणि माणसांना उद्याच्या अन्नाची भीती वाटू लागली, तेव्हा आदिनाथांनी त्यांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे आपली परंपरा सांगते. भयभीत प्रजेला त्यांनी नुसते धान्य वाटले नाही. स्वतःच्या कष्टावर जगण्याची विद्या दिली. मालवीयनगरातील कारखाना पाहून या मंदिरात आलेल्या यात्रेकरूला त्या जुन्या कथेचा अर्थ नव्याने उमगतो.

आपल्याकडे आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार मानले आहेत. अभयदानाचा रूढ अर्थ जीवरक्षा. परंतु पाय गमावलेल्या, दृष्टी गेलेल्या किंवा दीर्घ आजाराने खचलेल्या कमावत्या माणसाचे सर्वांत मोठे भय मरणाचे नसते. उद्या चूल कशी पेटेल आणि आपण घरावर ओझे होऊ का, हे ते भय असते. त्याला जेवू घातले तर आहारदान घडते, उपचार केले तर औषधदान. त्याच्या हाताला कष्टाचे काम आणि कामाला योग्य दाम मिळाला की ते भय निघून जाते. म्हणून रोजगार मिळवून देणे हे अभयदानातच गणले जावे.

मुंबई आणि पुण्याहून जयपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. श्रीमहावीरजीच्या चैत्रातील मेळ्याला जाणाऱ्यांना परतीच्या वाटेवर अर्धा दिवस सहज काढता येईल. मालवीयनगरात गेल्यावर कोणाच्या वेदनेचे छायाचित्र काढू नये. एखाद्याशी बोलायचे झाल्यास पाय कसा गेला हे विचारण्याआधी, तो काय काम करतो हे विचारावे. देणगी द्यावीच. आणि परत आल्यावर आपल्या पेढीवर, दुकानात किंवा कारखान्यात अशा एका माणसाला बसता येईल अशी जागा आहे का, हेही एकदा उठून पाहावे.